युरोपियन किराणा दुकानातली बिअर : काय बघून उचलायची?

सोनसळी:
मंडळी, खास बिअरच्या मोठ्या दुकानांबद्दल मी विचारत नाहीये. तिथे थंड कपाटं असतात, विचारायला माहितगार माणूस असतो. मी म्हणतोय ती वस्तीतली छोटी युरोपियन किराणा दुकानं. कुणी पोलिश माणूस चालवतो, कुणी लिथुआनियन, कुणी जर्मन. पुढे राईचा पाव, सॉसेज, बरण्या, आणि मागच्या भिंतीला बिअरच्या चार-पाच फळ्या. लेबलं अनोळखी भाषेत, शेजारी माहितीची पाटी नाही, आणि गल्ल्यावरच्या बाईंना रांग सोडून आपल्याशी बोलायला सवड नाही.

माझं आजवरचं मत असं: ज्या देशाचं दुकान, त्या देशाची रोजच्या पिण्यातली लागर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) घ्यावी. तिथली नेहमीची गिऱ्हाइकं तीच पेटीपेटीनं नेतात, त्यामुळे माल पडून राहत नाही. छोट्या ब्रुअऱ्यांच्या, म्हणजे बिअर कारखान्यांच्या, बिअरचे रंगीबेरंगी क्राफ्ट कॅन कुणीतरी हौसेनं मागवलेले असतात आणि बरेचदा तिथेच धूळ खातात. तुम्ही काय बघता? तारीख कुठे शोधता? लेबलावरचं काय खरं धरायचं? आणि क्राफ्ट घ्यावं का? सविस्तर लिहा, घाई नाही.

पांथस्थ:
वाचतोय. वाचनखूण साठवली.

तांबूस:
सोनसळी, बराचसा सहमत. पण देश आणि नाव बघायच्या आधी बाटली कुठे उभी आहे ते बघा. बिअरचा पहिला शत्रू उजेड. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं. त्यांच्यातून जी कडवट द्रव्यं उतरतात, त्यांच्यावर उजेड पडला की बिअरमध्येच असलेल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाच्या मदतीनं त्यांचे तुकडे पडतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. स्कंक हा प्राणी जो वास सोडतो, त्याच जातकुळीचा हा वास. अगदी कणभर असला तरी नाकाला लगेच कळतो. कडक ऊनच लागतं असं नाही, दुकानातली ट्यूबलाइटही पुरते, फक्त वेळ जास्त घेते.

तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी फार थोडा, बिनरंगी जवळजवळ नाहीच. कॅनमध्ये प्रश्नच मिटला. म्हणून माझा शिरस्ता असा की हिरवी बाटली फळीवरून उचलायची नाही. खाली जमिनीवर किंवा मागच्या खोलीत न फोडलेलं खोकं असलं तर त्यातली मागायची. दुकानदार आनंदानं देतात. फळीवरूनच घ्यावी लागली तर मागच्या रांगेतली घ्यायची, पुढच्या बाटल्यांनी जिला आडोसा दिलाय ती.

रेवाकाठ:
तांबूस, रसायनशास्त्र मान्य, पण हिरव्या बाटलीवर इतकी फुली नको मारायला. युरोपातल्या कितीतरी जुन्या लागर हिरव्या बाटलीतच येतात आणि उत्तम असतात. आमच्या सासऱ्यांना तर तो किंचित उग्र वासच आवडतो. तीच बिअर कॅनमधून दिली की "हिच्यात काहीतरी कमी आहे" म्हणतात!

तांबूस:
@रेवाकाठ, सासऱ्यांना नमस्कार सांगा, त्यांची आवड त्यांना लखलाभ. बिअर भरताना चांगलीच असते, त्यात वाद नाही. मुद्दा एवढाच की नंतर ती उजेडात किती दिवस उभी होती.

दशमान:
लेबलाबद्दल लिहितो, कारण इथे हमखास गोंधळ होतो. चेक आणि पोलिश बाटल्यांवर दोन आकडे असतात, किंवा एका आकड्यापुढे अंशाचं चिन्ह असतं. १२ दिसलं की लोक दचकून बाटली परत ठेवतात. तो अल्कोहोलचा आकडा नाही. आंबवण्याआधी माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) जो गोड काढा असतो, त्यात साखर आणि इतर विरघळलेले घटक वजनानं किती होते, हे तो सांगतो. १०० ग्रॅम काढ्यात १२ ग्रॅम असतील तर १२ अंश. त्यातून साधारण ५ टक्क्यांची बिअर होते. पोलिश लेबलावर हा आकडा 'एक्स्ट्राक्ट' या शब्दापुढे असतो, आणि अल्कोहोलचा 'आल्क.' या अक्षरांपुढे. अक्षरं फारच बारीक असतील तर ज्या आकड्यामागे ओ, बी, जे ही तीन अक्षरं दिसतील तो अल्कोहोलचा समजा.

चेक लोकांची सगळी विभागणी याच अंशांवर चालते. ७ ते १० अंशांची ती 'व्हीचेप्नी', हलकी, गप्पा मारत प्यायची. ११ आणि १२ म्हणजे 'लेझाक', आपण ज्याला नीट मुरवलेली लागर म्हणू ती. १३ पासून पुढे कडक.

या आकड्याचा आणखी एक उपयोग आहे, तो फार कमी लोक करतात. दोन बाटल्यांवर अल्कोहोल सारखंच असेल आणि एकीचा अंश जास्त असेल, तर तिच्यात न आंबलेली साखर जास्त उरली आहे. ती अंगानं भरदार आणि गोडसर निघणार. टोपण न उघडता एवढं कळतं. ही पद्धत सगळ्या देशांनी उचलावी असं मला मनापासून वाटतं.

मोहोर:
दशमान, फारच उपयोगी! मी इतके दिवस चित्र बघून बिअर निवडत आले आणि बहुतेक वेळा चांगलीच निघाली, पण आता आकडेही बघेन.

हॉपवेडी:
सोनसळी, तुमच्या मूळ मताला माझा ठाम विरोध आहे. साधी लागर कुठेही मिळते. छोट्या युरोपियन दुकानाचं खरं मोल हे की तिथे अशा छोट्या ब्रुअऱ्यांचा माल येतो, ज्याला मोठे वितरक हातही लावत नाहीत. दुकानदाराचा आयातदार त्याच्याच देशाचा असतो, पावाच्या आणि बरण्यांच्या खोक्यांबरोबर दोन खोकी बिअरची येतात.

पोलंडमध्ये क्राफ्टची लाट २०११ मध्ये पिंटा या ब्रुअरीच्या 'आताक ख्मिएलू' नावाच्या आयपीएनं (भरपूर हॉप्सच्या सुगंधी, कडवट बिअरनं) सुरू झाली असं तिथले बिअरवाले मानतात. त्याच वर्षी एस्टोनियात, टालिनमध्ये पय्ह्याला सुरू झाली. त्यांचा इम्पीरियल बाल्टिक पोर्टर, म्हणजे कडक काळी बिअर, १०.५ टक्क्यांचा आहे आणि तो चाखल्यावर 'साधी लागर घ्यावी' हे मत तुम्ही स्वतःहून बदलाल, मी पैजेवर सांगते. या लोकांनी जीव ओतून काम केलंय, आणि आपण 'धूळ खाणारे कॅन' म्हणून सगळ्यांना एका ओळीत बसवायचं हे मला पटत नाही.

सोनसळी:
@हॉपवेडी, त्यांच्या कामाबद्दल आदरच आहे. माझी शंका दुकानाबद्दल आहे. आयपीए तिथे भरली जाते, जहाजानं येते, गोदामात थांबते, मग फळीवर. आपल्या हाती येईपर्यंत तिच्यातलं काय उरतं?

दशमान:
हॉप्सचा सुगंध फुलांच्या वासासारखा उडतो. तीन महिने उलटले की आयपीएमधली संत्र्याच्या सालीची, चिकूसारख्या पिकल्या फळांची चव खाली बसते, मागे कडूपणा आणि माल्टचा गोडवा उरतो. उष्णतेत हे आणखी वेगानं होतं. ढोबळ हिशेब असा धरतात की दर १० अंश सेल्सिअसमागे बिअर शिळी होण्याचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. हे दुकानदाराच्या हातात फारसं नसतं, बिचाऱ्याकडे थंड कपाटात चीज आणि सॉसेज असतात.

हॉपवेडी:
आयपीएपुरतं मान्य करते. परदेशी आयपीए मीही तारीख नीट वाचल्याशिवाय घेत नाही. पण क्राफ्ट म्हणजे फक्त आयपीए हे कुणी ठरवलं? पोर्टर, स्टाउट, धुराची बिअर, मीठ आणि धणे घातलेली आंबटसर गोझ, हे सगळे प्रकार प्रवास नीट सोसतात. काजळी कुठे आहेत? त्यांनी लिहावं.

काजळी:
बोलावलंत म्हणून आलो, पण बाल्टिक पोर्टरचा विषय निघाल्यावर मी तसाही आलोच असतो.

अठराव्या शतकात इंग्लंडमधून कडक काळ्या बिअर जहाजानं बाल्टिक किनाऱ्यावर आणि रशियात जायच्या. एकोणिसाव्या शतकात तिथल्या ब्रुअऱ्यांनी तशी बिअर स्वतः करायला घेतली, पण बहुतेकांनी यीस्ट वापरलं ते लागरचं, थंडीत सावकाश आंबवणारं. त्यामुळे रंग आणि जोर पोर्टरचा, पण घोट लागरसारखा गुळगुळीत उतरतो. भाजलेल्या कॉफीचा खरखरीतपणा कमी, मनुका, सुकं अंजीर आणि चॉकलेट जास्त. पोलिश दुकानात झिव्येत्स पोर्टर बहुतेक असतोच. १८८१ पासूनची परंपरा सांगतात, ९.५ टक्के. कारखाना मोठा आहे, क्राफ्ट म्हणता येणार नाही, पण शैली शिकायला यासारखी दुसरी बाटली नाही. पोलंडमध्ये जानेवारीचा तिसरा शनिवार बाल्टिक पोर्टरचा दिवस म्हणून साजरा करतात, तेव्हा छोट्या ब्रुअऱ्यांच्या खास बाटल्या निघतात. त्या थोड्या उशिरानं का होईना, पण या दुकानांत पोचतात.

याची मुदत संपत आली असली तरी मी बिनदिक्कत घेतो. जोरदार, काळी, कमी हॉप्सची बिअर वर्षभर जास्त राहिली तर गोलाई येते. फक्त गार बर्फासारखी पिऊ नका. फ्रीजमधून काढून अर्धा तास ठेवा, १२-१३ अंशांवर ती बोलायला लागते.

पांथस्थ:
काजळीशेठ, अर्ध्या लिटरच्या बाटलीत ९.५ टक्के? मला उद्या सकाळी ऑफिस आहे हो!

काजळी:
दोघांत एक बाटली, पांथस्थ. शेजाऱ्याला बोलवा, मैत्रीही वाढेल.

चौकस:
'आयात' या शब्दाबद्दल एक महत्त्वाचं. लेबल जर्मन दिसतं, नाव जर्मन, ढालीवर किल्ली, पण बिअर तिथे बनलेलीच नसते. बेक्स हे ब्रेमेनचं नाव, पण अमेरिकेत विकली जाणारी बेक्स २०१२ पासून सेंट लुइसमध्ये बनू लागली. लोक कोर्टात गेले आणि २०१५ मध्ये कंपनीनं तडजोड केली. परवान्यावर दुसऱ्या देशात बिअर बनवणं हा जुना आणि कायदेशीर धंदा आहे, माझी तक्रार त्यावर नाही. पण आपण जर 'तिकडची' म्हणून घेत असू तर मागचं लेबल वाचायला हवं. 'अमुक ठिकाणी बनवली' ही ओळ शोधा, समोरच्या चित्रावर जाऊ नका. छोट्या युरोपियन दुकानाचा फायदा इथे नक्की आहे. तिथली बाटली बहुतेक वेळा खरोखर तिकडून आलेली असते, कारण तिच्यावर मूळ भाषेतलं लेबल असतं आणि आयातदारानं वरून छोटा स्टिकर चिकटवलेला असतो.

जुनेर:
आणि तोच स्टिकर नेमका तारखेवर चिकटवलेला असतो! म्हणून सांगतो, फक्त लेबलावर शोधू नका. बाटलीच्या मानेवर काचेवर छापलेली असते, कधी टोपणाच्या कडेला, कॅनला तळाशी. आणि युरोपात आधी दिवस, मग महिना. ०४.११ म्हणजे ४ नोव्हेंबर. महिना आधी लिहायची सवय असलेल्या देशात राहणाऱ्यांनी हे मनात पक्कं धरावं, नाहीतर ताजी बाटली जुनी समजून सोडाल.

छापलेली तारीख बहुतेक ठिकाणी 'या तारखेपर्यंत उत्तम' अशी असते, भरल्याची नसते. साध्या लागरला साधारण सहा महिने ते वर्षभराची मुदत देतात. तेव्हा चार-पाच महिने शिल्लक असतील तर मी निर्धास्त घेतो, दोन-तीन आठवडेच उरले असतील तर समजा तिचं बहुतेक आयुष्य गोदामात गेलं. शिळी लागर पुठ्ठ्यासारखी लागते. ओल्या खोक्याला तोंड लावल्यासारखी.

एक खूण आणखी. गाळलेली, नितळ असायला हवी अशी लागर उजेडासमोर धरून हळूच आडवी करा. बारीक पापुद्रे तरंगताना दिसले तर ती जुनी झाली आहे. टोपणाखाली गंज किंवा मानेवर वाळलेला चिकट ओघळ असेल तर ठेवून द्या.

मोहोर:
जुनेर, थांबा! मग गढूळ गव्हाच्या बिअरच्या तळाला साका असतो त्याचं काय? मी परवा जर्मन बाटली घेतली, खाली पांढरट थर होता. घरी यजमान म्हणाले, "ही गेली." मी म्हटलं, धाग्यावर विचारते, मगच ठरवू.

गव्हाळ:
मोहोरताई, अजिबात गेलेली नाही, उलट तीच तर तिची ओळख. वाइसबिअरमध्ये किमान निम्मा माल्ट गव्हाचा असतो आणि यीस्ट बाटलीतच ठेवलेलं असतं. तो थर यीस्टचा. त्या यीस्टमुळेच केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, कुणी केळं किंवा लवंग घातलेली नसते. उंच ग्लास गार पाण्यानं विसळून घ्या, तिरका धरून सावकाश ओता, दोन बोटं बिअर बाटलीत राहिली की थांबा, बाटली गोल फिरवून तो थर मिसळू द्या आणि मग फेसावर ओता. यजमानांना पहिला ग्लास द्या, शंका फिटेल. वाइहेनश्टेफान आणि श्नायडर ही दोन नावं या दुकानांत सापडतात आणि दोन्ही निर्धास्त घ्यावी. थोडं कडक हवं असेल तर श्नायडरचीच आव्हेंटिनुस, ८.२ टक्के, गव्हाची गडद बॉक, म्हणजे जास्त जोराची बिअर. १९०७ पासूनची.

नितळ:
अवांतर प्रश्न. मी अल्कोहोल घेत नाही, पण नवरा या फळ्यांसमोर अर्धा तास उभा असतो आणि मी बरण्या मोजत बसते. मला तिथे काही आहे का?

हॉपवेडी:
नितळ, भरपूर! रशियन, युक्रेनियन, लिथुआनियन दुकानात क्वास शोधा. राईच्या पावापासून आंबवलेलं तपकिरी, गोड-आंबट पेय. लिथुआनियात त्यालाच गिरा म्हणतात. पण त्यातही थोडंसं अल्कोहोल असू शकतं, एक टक्क्याच्या आसपास किंवा खाली, त्यामुळे अजिबातच नको असेल तर आकडा बघून घ्या. जर्मन फळीवर 'आल्कोहोलफ्राय' लिहिलेल्या गव्हाच्या बिअर असतात. तिथे ०.५ टक्क्यापर्यंत तसं लिहायला मुभा आहे. ०.० असं छापलेलं असेल तर तीच घ्या.

नितळ:
आभार! म्हणजे आता अर्धा तास दोघांचा.

रेवाकाठ:
जर्मन फळीवरून आठवलं. आयिंगरच्या सेलेब्रेटर या डॉपेलबॉकच्या मानेत प्लॅस्टिकचा इवलासा बोकड दोऱ्यानं लटकवलेला असतो. आमच्या भाचीनं ते जमवून अख्खी माळ केलीय आणि प्रत्येकाला नाव ठेवलंय. आता बिअर कुठली घ्यायची हे घरात तीच ठरवते, आणि खरं सांगतो, निवड उत्तम आहे. ६.७ टक्के, गडद, पण पिताना जडपणा नाही.

चौकस:
भाचीला दुकानदार नेमून टाका!

उंबरठा:
बेल्जियमबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. या दुकानांत दोन फळ्या बेल्जियन असल्या तर त्याच सगळ्यात सुरक्षित, असं माझं मत. त्यातल्या कित्येक बिअर बाटलीत पुन्हा आंबतात, जिवंत यीस्ट आतला ऑक्सिजन खाऊन टाकतं, अल्कोहोल जास्त, त्यामुळे दीर्घ प्रवास त्यांना फारसा बाधत नाही.

षटकोनी 'ऑथेंटिक ट्रॅपिस्ट प्रॉडक्ट' शिक्का बघा. ट्रॅपिस्ट हा ख्रिस्ती मठवासींचा एक पंथ. तो शिक्का मिळायला तीन अटी असतात: बिअर मठाच्या आवारातच बनली पाहिजे, तिच्यावर मठवासींची देखरेख हवी, आणि नफा मठाच्या गरजा आणि दानधर्म यांसाठीच जायला हवा. नुसतं 'अ‍ॅबी' लिहिलेलं आणि मठाचं चित्र यावरून यातलं काहीच सिद्ध होत नाही, जरी त्यातही चांगल्या बिअर आहेत. बेल्जियमच्या आकेल मठात शेवटचे साधू गेल्यावर तिथल्या बिअरवरून हा शिक्का काढला गेला, बिअर तीच असूनही. इतकं ते काटेकोर पाळतात.

वेस्टमाल ट्रिपेल, ९.५ टक्के, सोनेरी, आणि ट्रिपेल म्हणून जे काही जगभर बनतं त्याचं मूळ माप. रोशफोरच्या ६, ८, १० या आकड्यांवरून अल्कोहोल धरू नका, दशमान यांनी सांगितला तसाच तोही जुन्या घनतेच्या मापाचा वारसा. १० म्हणजे प्रत्यक्षात ११.३ टक्के आहे. आणि ऑरव्हाल! बुटकी, कंबर असलेली बाटली, ६.२ टक्के. तिच्यात नंतर ब्रेटॅनोमायसीस नावाचं रानटी यीस्ट घालतात, ते महिनोन्‌महिने काम करत राहतं. ताजी असताना हॉप्सचा वास आणि चुरचुरीत कडवटपणा, वर्षभरानं कोरडी, मातकट, चामड्याच्या अंगानं जाणारी. लेबलावर भरल्याची तारीख असते. हीच एक बाटली मी मुद्दाम वेगवेगळ्या तारखांच्या घेते आणि शेजारी शेजारी ठेवून चाखते. एका बिअरचं वय जिभेवर इतकं स्पष्ट कळणं, यासारखा आनंद नाही.

काजळी:
उंबरठा, निव्वळ सुंदर. ऑरव्हालचा धागा वेगळा काढाच.

जुनेर:
एका गोष्टीशी असहमत. बेल्जियन म्हणजे सुरक्षित असं सरसकट म्हणू नये. हलक्या बेल्जियन गव्हाच्या बिअर, संत्र्याची साल आणि धणे घातलेल्या, त्या ताज्याच प्यायच्या असतात. मी सवलतीत ठेवलेली एक घेतली होती, मुदत उलटलेली. धण्याचा वास उडालेला, उरलं ते गोड पाणी. सवलतीची टोपली गडद आणि कडक बिअरसाठी ठीक, हलक्या आणि फिकट बिअरसाठी नाही.

उंबरठा:
हो, हे बरोबर. मी लिहिताना ट्रॅपिस्ट आणि ल्याम्बिक डोळ्यांसमोर होत्या. ल्याम्बिक ब्रुसेल्सच्या आसपास झेन नदीच्या खोऱ्यातली, हवेतल्या आणि लाकडी पिंपांतल्या जंतूंवर आपोआप आंबणारी. एक, दोन आणि तीन वर्षांच्या ल्याम्बिकचं मिश्रण बाटलीत पुन्हा आंबवलं की ग्यूझ. लेबलावर 'औडे' हा शब्द असलेलीच घ्या, तो नियमानं राखीव आहे. तो नसेल तर बरेचदा गोड केलेली निघते.

गव्हाळ:
राखीव शब्दांवरून सांगतो, जर्मन बाटलीवर १५१६ दिसलं की लोक भारावतात. बव्हेरियाच्या ड्यूकनं त्या वर्षी इंगोलश्टाटमध्ये हुकूम काढला की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच असावं. मोठा इतिहास आहे, मान्यच. पण ते घटकांबद्दल सांगतं, ताजेपणाबद्दल नाही. १५१६ मोठ्या अक्षरांत आणि मुदतीची तारीख मुंगीएवढी. वाचायची मुंगीच.

तांबूस:
गव्हाळ, शंभर टक्के.

सोनसळी:
सगळ्यांचे मनापासून आभार, धागा माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी पुढे गेला. मूळ प्रश्नाकडे येतो, कारण काल हे सगळं घेऊन पुन्हा दुकानात गेलो होतो.

चेक बुद्वार दोन ठिकाणी होती. डोळ्यांसमोरच्या फळीवर हिरव्या बाटल्या, थेट दिव्याखाली, मुदत संपायला महिनाही नाही. आणि खाली जमिनीवर त्याच बिअरचे कॅन, प्लॅस्टिकचं आवरण न फाडलेले, सात महिने शिल्लक. अर्थात कॅन घेतले. गल्ल्यावरच्या बाईंना विचारलं की माल कधी येतो, तर म्हणाल्या गुरुवारी, आणि कॅन शनिवारपर्यंत संपतात, बाटल्या मात्र राहतात. म्हणजे 'ज्या देशाचं दुकान त्या देशाची लागर' हे माझं मत कायम आहे, पण आता त्यात 'नेहमीची गिऱ्हाइकं तिचं जे रूप नेतात ते' एवढी भर घालतो. कुठली बिअर फिरते याइतकंच कॅन फिरतो की बाटली हेही विचारायला हवं.

हॉपवेडी, तुमच्यासाठी: त्याच फळीवर एक पोलिश आयपीए होती, नऊ महिन्यांपूर्वी भरलेली. ठेवून दिली. शेजारी एका छोट्या ब्रुअरीचा पोर्टर होता, तो आणला. पैज तुम्ही जिंकलात.

हॉपवेडी:
आता कसं बोललात! चवीबद्दल लिहा, नुसतं जिंकलात म्हणून सोडू नका.

सोनसळी:
पहिल्या घोटाला सुकं आलुबुखार, मग कडू चॉकलेट, आणि शेवटी ज्येष्ठमधाची हलकी छटा, जी जिभेवर बराच वेळ राहते. २२ अंश, ९ टक्के. दशमान यांच्या हिशेबानं गोडी बरीच उरलेली असणार होती आणि होतीच, पण चिकटपणा नाही. काजळी म्हणाले तसा अर्धा तास बाहेर ठेवला होता.

मोहोर:
आणि माझ्या गव्हाच्या बाटलीचा निकाल: गव्हाळ यांनी सांगितलं तसं शेवटचे दोन बोटं फिरवून ओतली. यजमानांनी पहिला ग्लास घेतला आणि दुसराही त्यांनीच घेतला. मला अर्धाच मिळाला!

पांथस्थ:
सगळं वाचलं. पण इथे ८ टक्क्यांच्या खाली कुणी येतच नाही. सकाळी ऑफिस असणाऱ्या माणसानं काय घ्यावं, ते पण जरा वेगळं?

काजळी:
पांथस्थ, तुमच्यासाठीच एक बिअर आहे: ग्रोजिस्किए. पोलंडच्या ग्रोजिस्क गावची, पूर्ण गव्हाची, माल्ट ओकच्या धुरावर वाळवलेला. फिकट, नितळ, खूप फेसाळ, आणि अल्कोहोल तीन टक्क्यांच्या आसपास. तिथली ब्रुअरी १९९३ मध्ये बंद पडली होती, २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. आता काही क्राफ्टवालेही ही शैली बनवतात. धूर जर्मनीतल्या बाम्बेर्गच्या रौखबिअर या धुराच्या बिअरइतका अंगावर येत नाही, ग्लास नाकाशी नेताना जाणवतो आणि घोटात मागे सरतो.

दशमान:
आणि घेताना एक्स्ट्राक्टचा आकडा बघा, सात-आठच्या आसपास असायला हवा. बारा-तेरा दिसला तर ती ग्रोजिस्किए नव्हे, कुणीतरी त्या नावानं केलेली कडक आवृत्ती. मिळाली की इथेच लिहा, पांथस्थ.